रोटरी की ड्युअल अ‍ॅक्शन? घरच्या गाडीसाठी पॉलिशर

घरीच गाडी पॉलिश करणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या, हे आधीच सांगून टाकतो.

रोटरीचं पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतं. खोल ओरखडे झटपट निघतात, पण उष्णताही एका जागी साठते. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. बॉनेटच्या कडेला आणि दरवाजाच्या घडीवर तो आणखी कमी असतो. तिथे रोटरी जरा रेंगाळली की रंग गेलाच समजा. काळ्या गाडीवर उन्हात दिसणाऱ्या फिरत्या छटा, म्हणजे होलोग्राम, बहुतेक रोटरीच्याच.

ड्युअल अ‍ॅक्शनचं पॅड फिरता फिरता हेलकावेही घेतं. नेहमीच्या मॉडेलमध्ये जास्त दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. नवशिक्याला वाचवणारी गोष्ट हीच. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर चिकटतं त्या चकतीच्या, कडेवर मार्करने रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली की दाब बरोबर. वेळ जास्त लागतो, हे खरं.

रोटरी सहसा स्वस्त मिळते. सँडिंगचे, म्हणजे पॉलिश पेपर घासल्याचे, व्रण काढायचे असतील आणि हात बसलेला असेल तर तिला तोड नाही. पण चार इंची ग्राइंडरला पॅड लावायचा जुगाड कृपा करून नको: तो मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, पॉलिशिंगला १,०००-१,५०० पुष्कळ झाले.

ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये छत, बॉनेटसाठी १५ मिमी थ्रो (पॅडच्या हेलकाव्याचा व्यास) आणि पाच इंची प्लेट बघा. बंपरच्या वळणांवर ८ मिमीचं सोपं जातं.