शाळेच्या शिपायानं टेप केलेला मंक: 'पालो आल्टो' रेकॉर्डबद्दल

आधी रडगाणं उरकतो. अमेरिकन जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकची ही 'पालो आल्टो' रेकॉर्ड मी दोनदा घेतलीय. पहिल्यांदा ऑनलाइन मागवली, दुकानाचं नाव घेत नाही, तीन आठवड्यांनी आली, खोका बाहेरून एकदम टकाटक आणि आत रेकॉर्ड पापडासारखी. टर्नटेबलवर ठेवली तर सुई नुसती वरखाली, रेवदंड्याला जाणाऱ्या होडीत बसल्यासारखी, आणि पियानोचा प्रत्येक लांब सूर रडका. व्हिडिओ काढून पाठवला तर उत्तर आलं की सर एवढं वाकणं नॉर्मल असतं. नॉर्मल म्हणे! मग गेल्या डिसेंबरात आतेभाऊ आला तेव्हा त्याला सांगून दुसरी आणवली, त्यानं ती बॅगेत दोन जाड स्वेटरच्या मधे घालून आणली, आणि ही कॉपी सपाट आहे, शांत आहे, आणि खाली जे काय लिहितोय ते हिच्याबद्दल आहे.

गंमत म्हणजे आतेभाऊ राहतो कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावातच. रेकॉर्ड हातात घेऊन म्हणाला, अरे ही तर आमच्या पोरीची शाळा. स्टॅनफर्डच्या समोर, एल कमिनो रियल रस्त्याला लागून, रोज सोडायला जातो तिथं. त्याला वाटलं मी शाळेच्या गॅदरिंगची रेकॉर्ड मागवलीय. तसं बघितलं तर फार चुकला नाही तो.

झालं असं की 1968 साली या पालो आल्टो हायस्कूलमधे डॅनी शर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा होता, जॅझचं प्रचंड वेड, आणि त्यानं ठरवलं की थेलोनियस मंकला शाळेत वाजवायला बोलवायचं. म्हणजे दहावी-अकरावीतल्या पोरानं उठून थेट भीमसेनजींना शाळेच्या हॉलमधे गायला बोलवावं तसं. मंक तेव्हा एक्कावन्न वर्षांचा, 1964 ला टाइम मासिकाच्या कव्हरवर येऊन गेलेला, पण 1968 पर्यंत दिवस तेवढे बरे राहिले नव्हते, तरुण पोरं रॉककडे गेलेली. त्याचं क्वार्टेट, म्हणजे चौघांचा बँड, सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉप क्लबात वाजवत होतं, म्हणून रविवार 27 ऑक्टोबरची दुपार ठरली, संध्याकाळी बँडला परत क्लबात पोचायचं होतं. तिकीट दोन डॉलर, पैसे जाणार शाळेच्या इंटरनॅशनल क्लबच्या कामाला.

तिकिटं खपेनात. मग या पोरानं हायवे 101 च्या पलीकडे ईस्ट पालो आल्टोत जाऊन पोस्टर लावली. अलीकडे गोऱ्यांचं सुखवस्तू गाव, पलीकडे काळ्या लोकांची वस्ती, त्याच वर्षी एप्रिलमधे मार्टिन लूथर किंगची हत्या झालेली, वातावरण तापलेलं, आणि पलीकडे तेव्हा गावाचं नाव बदलून नैरोबी ठेवायचं का यावर मतदान व्हायचं होतं, तर त्या मतदानाच्या पोस्टरांशेजारी याची मंकची पोस्टर. लोक म्हणाले मंक इथं येतोय होय, दिसला की बघू. कार्यक्रमाच्या थोडं आधी याने मंकला फोन केला तर मंकला पत्ताच नाही! मला कुणी सांगितलंच नाही आणि मी येऊ कसा. हा म्हणाला माझा भाऊ गाडी चालवतो, तो न्यायला येईल. त्या दुपारी शाळेच्या पार्किंगमधे पलीकडची माणसं उभी राहून वाट बघत होती, व्हॅनमधून मंक खरंच उतरला, मग भराभर तिकिटं घेऊन सगळे आत.

ही गोष्ट कंपनीनं रेकॉर्ड विकताना जाम वापरलीय, दोन गावं संगीतानं एकत्र आली वगैरे. खरी आहे, छान आहे, पण मला सगळ्यात आवडलेला माणूस वेगळाच. शाळेत एक जॅनिटर होता, आपल्याकडचा शिपाई म्हणा. तो शरला म्हणाला, मला कार्यक्रम रेकॉर्ड करू देशील तर मी पियानो सुरात लावून देतो. झाला सौदा. त्यानं पियानो लावला, माइक ठेवले, टेप फिरवली आणि नंतर ती शरच्या हातात दिली. शर पुढं रॉकचे मोठे कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमबरोबर मोठा कॉन्सर्ट प्रमोटर झाला, आणि टेप आई-वडिलांच्या घराच्या माळ्यावर खोक्यात पडून राहिली. शेवटी मंकचा मुलगा टी. एस. मंक, जो स्वतः ड्रमर आहे, त्याच्यापर्यंत पोचली आणि सप्टेंबर 2020 ला इम्पल्स लेबलनं काढली, खरंतर जुलैत येणार होती पण पुढं ढकलली गेली.

मी ज्या घरात वाढलो तिथं खासगी मैफलींच्या टेपा म्हणजे देव होत्या. बाबांचे एक मित्र स्पूलवाले, कुणाच्या वाड्यात कुणी गायलं की हे मशीन घेऊन हजर. त्या टेपांत पंखा ऐकू यायचा, कपबशा वाजायच्या, बाबांचा स्वतःचा 'वाऽऽ' ऐकू यायचा आणि तो आला की घरात सगळे हसायचे. त्यामुळं 'माळ्यावर टेप सापडली' म्हटल्यावर माझी अपेक्षा तशीच होती, खरखर, लांबून येणारा पियानो, समोर कुणीतरी खोकतंय. आणि इथं मी गार पडलो. एकदम जवळचा आवाज आहे. बास सुट्टा ऐकू येतो, ही त्या काळच्या लाइव्ह टेपमधे सगळ्यात आधी गायब होणारी गोष्ट. ड्रमर बेन रायलीची सिंबल कुठेही पत्र्यासारखी वाजत नाही. आणि पियानो सुरात आहे हो. मंकच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे कारण हा माणूस मुद्दाम दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबतो, खटकेल असं करतो, आता पियानो आधीच बेसूर असेल तर त्यानं मुद्दाम खटकवलंय की पियानोच भिकार आहे हे कळणार कसं? क्लबांमधले पियानो कसले असायचे ते त्या काळची लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकली की कळतंच. तानपुरे नीट लागले की निम्मी मैफल झाली म्हणतात ते इथं शिपायानं करून ठेवलंय.

आता वाजवलंय काय. एकूण पंचेचाळीस-सत्तेचाळीस मिनिटं, सहा गाणी, एकच रेकॉर्ड. सुरुवात 'रूबी, माय डिअर'नं, संथ, चार्ली राउझचा टेनर सॅक्सोफोन. राउझ 1959 पासून मंकबरोबर आहे, लोक त्याला आधी मंकबरोबर वाजवलेल्या सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनशी तोलून कमी लेखतात, मला ते पटत नाही, मंकच्या मोकळ्या जागांमधे न घुसता वाजवणं हे साधं काम नाही, चांगला पेटीवाला गवय्याला जागा सोडतो तसं उलट्या बाजूनं करावं लागतं. ऐकताना राउझकडे नका बघू, मागं मंक काय करतोय ते ऐका, एक स्वरगुच्छ टाकतो, मग काहीच नाही, काहीच नाही, तुम्हाला वाटतं गेला वाटतं उठून (तो खरंच उठून स्टेजवर गोल गोल फिरून नाचायचा, सवय होती त्याची) आणि मग भलत्याच मात्रेवर टण्णकन एकच सूर, आणि तो बरोब्बर बसतो.

'वेल, यू नीडन्ट' तेरा मिनिटांच्या वर आहे आणि साइड एक लावायची ती त्याच्यासाठी. लय घट्ट, चौघंही मजेत. लॅरी गेल्स बासवर गज घेऊन सोलो करतो, तो मला पहिल्यांदा लांबला असं वाटलं, तिसऱ्या वेळी आवडायला लागला, आता मी त्याचीच वाट बघतो. मग रायलीचा ड्रम सोलो, ज्यात आरडाओरडा नाही, गाण्याची चाल मनात म्हणत बसलात तर कळतं तो चालच वाजवतोय. त्यानंतर 'डोन्ट ब्लेम मी', मंक एकटा. 1930 च्या दशकातलं जुनं गाणं, डावा हात जुन्या स्ट्राइड पद्धतीनं धम-चक धम-चक चालतो आणि उजवा हात त्याला अधेमधे चिमटे काढतो. इथं एक जागा आहे, वरून खाली झरझर येणारा लांब तुकडा, तो येतो तेव्हा माझी बायको, जिला जॅझ म्हणजे हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत वाटतं, ती स्वयंपाकघरातून म्हणाली, काय पडलं का रे? मंकचं याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही.

साइड दोन उघडते 'ब्लू मंक'नं, चौदा मिनिटं. बारा बारचा (चार-चार मात्रांची बारा घरं) साधा ब्लूज, चाल पायऱ्या चढल्यासारखी अर्ध्या अर्ध्या सुरांनी वर जाते, जॅझ नवीन असेल तर इथून सुरू करा. आणि मग 'एपिस्ट्रोफी', त्यांचं नेहमीचं समारोपाचं, आपली भैरवीच. लोक सोडत नाहीत तेव्हा मंक परत एकटा बसून दोनेक मिनिटांचं जुनंपुराणं प्रेमगीत वाजवतो, 'आय लव्ह यू स्वीटहार्ट ऑफ ऑल माय ड्रीम्स', थोडं चेष्टेत, थोडं अगदी मनापासून, त्यातलं कुठलं किती ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे मंकचं सर्वात भारी रेकॉर्डिंग आहे का? नाही. उगाच चढवून सांगत नाही. पुन्हा सापडलेल्या टेपांतच बोलायचं तर 1957 चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम, मंक आणि कोल्ट्रेन एकत्र, 2005 ला लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या टेपांत मिळाला, तो वजनानं मोठा आहे, एकच घ्यायची असेल तर आधी ती घ्या. इथली गाणी मंकच्या चाहत्यांनी वीस वेळा ऐकलेली आहेत, नवीन काही नाही. पण कोलंबिया कंपनीनं पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 1968 ला, मंकला मोठ्या ऑर्केस्ट्रात बसवून एक आल्बम केला, तो लावा आणि मग हा लावा. तिथं बिचारा पाहुण्यासारखा बसलाय. इथं शाळेच्या हॉलमधे रविवारी दुपारी, ज्या पोरांनी त्याला आधी कधी बघितलं नसेल त्यांच्यासमोर, घरच्यासारखा वाजवतोय.

रेकॉर्डचं सांगायचं तर माझ्या दुसऱ्या कॉपीवर खरखर जवळजवळ शून्य. 'डोन्ट ब्लेम मी' साइडच्या आतल्या टोकाला आहे आणि तिथं जोरात आलेल्या पियानोला किंचित धार येते, माझी सुई जुनी आहे, तेही असेल. स्ट्रीमिंगवर हेच सगळं आहे, फुकट नाहीतर जवळपास फुकट, त्यामुळं रेकॉर्ड घ्यायलाच हवी असं नाही. घेतलीत तर आत जुन्या पोस्टरची आणि त्या दिवशीच्या प्रोग्रॅमची प्रतिकृती मिळते, ते मात्र हातात धरायला मजा येते, सोळा वर्षांच्या पोरानं गावातल्या दुकानांकडून जाहिराती मागून छापलेला प्रोग्रॅम, आपल्याकडं गणेशोत्सवाच्या अहवालात असतात तशाच. आल्यावर लगेच उघडून डोळ्यासमोर आडवी धरा, वाकडी असेल तर त्याच दिवशी परत करा, माझ्यासारखे व्हिडिओ काढत बसू नका.

पापड झालेली कॉपी कपाटावर आहे, तिच्यावर सध्या कोथिंबिरीची कुंडी. पोस्टर तिच्यातलंच काढून टर्नटेबलच्या वर चिकटवलंय. आतेभावाच्या पोरीनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि विचारलं, काका, आमच्या शाळेचं नाव तुझ्या घरात कसं काय? मी रेकॉर्ड लावली. तिनं 'ब्लू मंक' दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, हा माणूस चुकतोय का मुद्दाम करतोय?