कॉर्नेल ७७: तीन सीडींचा संच, कित्येक महिने ऐकल्यानंतर

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये नुसतं ‘५-८-७७’ (अमेरिकन पद्धतीने महिना आधी) म्हटलं तरी पुरतं. ८ मे १९७७, न्यूयॉर्क राज्यातलं इथाका, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. मे महिना असूनही बाहेर बर्फ पडत होता. या रात्रीच्या टेपा अनेक वर्षं हातोहात फिरल्या, अधिकृत संच मात्र २०१७ मध्ये आला. ‘आधीच फुकट ऐकलंय, मग विकत कशाला?’ हा प्रश्न रास्तच आहे.

उत्तर आवाजात आहे. मूळ मुद्रण बेटी कॅन्टर-जॅक्सन यांचं. १९८६ मध्ये त्यांची रीळं गोदामातल्या बाकी सामानासोबत लिलावात गेली, आणि तिथून कॉपीवर कॉपी सुरू झाली. प्रत्येक कॅसेट-कॉपीत हिस, म्हणजे मागची सळसळ, वाढतो, वेग थोडा हलतो. नव्या संचासाठी थेट रीळं वापरली आहेत. मुद्रण नीट व्हावं म्हणून आवाजात ‘बायस’ नावाचा, कानाला न कळणारा, फार उंच सिग्नल मिसळतात, तो टेपवर उरतो. त्याच्या आधारे टेप कुठे किती डळमळली ते मोजून वेग सरळ केलाय. फरक लांब टिकणाऱ्या सुरांत पकडा. बँडचा गायक-गिटारवादक जेरी गार्सियाची गिटार किंवा कीथ गॉडशॉचा पियानो ओसरत जातो, तेव्हा जुन्या कॉपीतला थरथराट इथे नाही. फिल लेशची बास गिटारही नुसती घुमत नाही, एकेक सूर सुटा कळतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर यातलं काहीच कळणार नाही. साधा पण कान पूर्ण झाकणारा हेडफोन तरी हवाच.

आता सेटिंग, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. दुसऱ्या सेटमधली, म्हणजे मध्यंतरानंतरची, गाणी एकमेकांत मिसळतात. अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणारी सोय) चालू राहिला तर जोडावरचे काही सेकंद दोन्ही बाजूंनी खाल्ले जातात. तो शून्यावर आणा, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडू देणारी सोय) चालू करा, शफल बंद ठेवा. सीडी रिप करताना एमपीथ्री टाळा: एन्कोडर प्रत्येक फाइलच्या आगेमागे किंचित शांतता चिकटवतो, आणि प्लेअरने ती कापली नाही तर नेमका जोडावर खड्डा पडतो. फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात हा प्रश्नच नाही. तिन्ही सीडी मिळून साधारण एक जीबी जागा लागते. आवाज आपोआप सारखा करणारी सोय ट्रॅकनुसार लावू नका, अल्बमनुसार लावा. नाहीतर हळू सुरू होणारं गाणं उगाच मोठं होतं.

पहिल्या सीडीबद्दल स्पष्ट सांगायचं तर ती चांगली आहे, पण त्या दौऱ्यातल्या इतर रात्रींपेक्षा फार वेगळी नाही. खरी गोष्ट दुसऱ्या सीडीवर सुरू होते. ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ डिस्कोच्या अंगाने पंधरा मिनिटांवर चालतं आणि कुठेही ढिलं पडत नाही. मग ‘स्कार्लेट बिगोनियाज’ आणि त्यातून निघालेलं ‘फायर ऑन द माउंटन’, दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांच्या वर. हा जोड इतका बेमालूम का, तर दोन्ही गाणी ‘बी’ स्वरावर बसतात. ‘फायर’ला बी आणि ए हे दोनच कॉर्ड, एकदा ते झुलू लागले की बाकी सगळं लयीत आणि फिल्टरमधून बोलणाऱ्या गिटारीत घडतं. या गाण्याचं मूळ १९७६ च्या ‘दिगा’ अल्बममधल्या एका तालरचनेत आहे. बँडच्या दोन ड्रमरपैकी एक, मिकी हार्ट, याच्या त्या ताफ्यात मुंबईचे झाकीर हुसेन होते! ती रचना आधी ऐका, मग हे. डावीउजवीकडच्या दोन ड्रमसेटांचं संभाषण जास्त उलगडतं. पाठोपाठ येणारं ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सात मात्रांत आहे, टाळी द्यायला गेलात तर हमखास चुकाल.

तिसऱ्या सीडीवरचं ‘मॉर्निंग ड्यू’ घाईत ऐकायचं नाही. शेवटी गार्सिया एकाच जागी झपाट्याने छेडत आवाज चढवत नेतो. सुरुवातीलाच व्हॉल्यूम वाढवलात तर इथे कान दुखतील.

उणीव एकच, पण मोठी. हे साउंडबोर्ड, म्हणजे थेट मिक्सरवरून घेतलेलं, मुद्रण आहे; त्यात हॉलचा आवाज जवळपास नाही. पुढे चेंगराचेंगरी व्हायला लागली म्हणून बँड लोकांना एक पाऊल मागे जायला सांगतो, ते स्वच्छ ऐकू येतं, पण ती गर्दी मात्र दूरच राहते. ती हवी असेल तर श्रोत्यांत बसून केलेलं मुद्रण इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर आहे आणि उतरवून घेता येतं. तिथली साउंडबोर्ड मुद्रणं २००५ पासून फक्त ऑनलाइन ऐकता येतात. आपल्याकडे जुन्या खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्यांना हा पेच ओळखीचा असेल: स्वच्छ टेपेत दाद हरवते.

घ्यायचं काय? पाच एलपींचा संच दिसायला देखणा, पण दहा बाजू उलटत बसण्यात दुसऱ्या सेटची तंद्री मोडते. सीडी किंवा लॉसलेस स्ट्रीमिंग पुरे. अकरा सीडींच्या मोठ्या संचात त्याच आठवड्यातल्या न्यू हेवन, बॉस्टन आणि बफेलो इथल्या मैफलीही आहेत. कॉर्नेल ही त्या वसंतातली सर्वोत्तम रात्र होती, हे मत पूर्ण पटत नाही. तिच्या कीर्तीत सहज मिळणाऱ्या चांगल्या टेपेचा वाटा मोठा आहे. दुसऱ्याच दिवशी, ९ मेला, बफेलोत बँडने ‘हेल्प ऑन द वे’ने जी सुरुवात केली, तशी धार कॉर्नेलच्या पहिल्या सेटला नाही. पण ‘स्कार्लेट–फायर’साठी मात्र पुन्हा इथेच यावं लागतं.