वाई, कराड, कोरेगाव: घरसामान हलवणाऱ्या साताऱ्यातील एका कंपनीचा सात महिन्यांचा अनुभव

पूर्वी केवळ सातारा शहरापुरते काम करणाऱ्या एका पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीने गेल्या वर्षाच्या अखेरीस वाई, कोरेगाव आणि कराड येथेही सेवा सुरू केली. फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात मी तिच्याकडून तीन कामे करून घेतली. तिन्ही वेळी कंपनी एकच होती, पण कामाचा दर्जा एकच नव्हता, आणि त्याचे कारण मला पुरते कळले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम आईचे वाईतील बिऱ्हाड साताऱ्याला आणण्याचे होते. घर जुने, दुमजली, आणि गणपती आळीकडून आत शिरणाऱ्या अशा बोळात की तेथे हातगाडीही जपून न्यावी लागते. पुण्याच्या दोन कंपन्यांनी फोनवर खोल्या विचारून दर सांगून टाकला होता, आणि त्यातील एकीने ई-वे बिलाचे, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचे, म्हणून ६०० रुपये लावले होते. वास्तविक वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही. या कंपनीचा माणूस मात्र प्रत्यक्ष घरी आला. तो वाईचाच राहणारा होता. त्याने जिन्याची रुंदी मोजली आणि आजीचे शिसवी कपाट अखंड खाली उतरणार नाही, सुतार बोलावून त्याचे सांधे सोडवावे लागतील, हे तेव्हाच सांगितले. मोठी आयशर गाडी हमरस्त्यावर उभी राहील, बोळाच्या तोंडापासून तिथपर्यंत छोटा हत्ती फेऱ्या करील आणि या सर्वांचे मिळून १४,५०० रुपये होतील, असे त्याने लिहून दिले. शेवटी तेवढेच पैसे घेतले गेले. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत घेणार नाही, तेव्हा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घेऊन ठेवा, म्हणजे साताऱ्यात जोडणी मिळेल, हेही त्याने आठवडाभर आधी सुचवले. आईला याचा फार आधार वाटला.

सामान भरण्याच्या दिवशी ६३ नगांची यादी झाली आणि तिच्यावर दोघांच्या सह्या झाल्या. आईची पूजा आटोपेपर्यंत देवघराला कोणी हात लावला नाही, आणि देव तिने स्वतःच्या मांडीवर घेऊन आणले. पाचवडमार्गे साताऱ्याला पोहोचल्यावर त्याच सुताराने कपाट पुन्हा जोडले, आणि एवढा पावसाळा होऊनही त्याची दारे आजही बरोबर बसतात. एक उणीव मात्र मे महिन्यात उघडकीस आली. कैरीच्या लोणच्यासाठी मोठी चिनीमातीची बरणी काढली, तेव्हा तिच्या बुडाशी बारीक तडा दिसला. तक्रारीची त्यांची मुदत सात दिवसांची असल्याने भरपाई मिळाली नाही. जी भांडी वर्षातून एकदाच निघतात, ती उतरवून घेतानाच गुंडाळी सोडून पाहायला हवीत, हे तेव्हा मला सुचले नव्हते.

जूनअखेरीस बहिणीचे सामान साताऱ्याहून कराडला गेले. कराडमध्ये कंपनीचा एकही माणूस नव्हता. नवे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, हे आम्ही फोनवर सांगितले होते, पण ते गाडीबरोबर आलेल्या कामगारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. दोनच कामगार आले आणि दारात उभे राहून त्यांनी हमालीचे २,००० रुपये जादा मागितले. त्यांचा मला राग आला नाही, कारण चार माणसांचे ओझे दोघांवर टाकले गेले होते. राग आला तो ताडपत्रीचा. ती मागच्या बाजूला अपुरी पडली आणि उंब्रजनंतर लागलेल्या पावसात गादी भिजली. बहिणीने पोच देताना सहीपूर्वी ‘गादी ओली मिळाली’ असे लिहिले, आणि तेच पुढे उपयोगी पडले. बिल्टीवर, म्हणजे माल नोंदवल्याच्या पावतीवर, ‘मालकाच्या जोखमीवर’ (म्हणजे नुकसान सामानाच्या मालकाचे) असा शिक्का असल्याचे सांगून कार्यालयाने प्रथम हात झटकले. त्यावर मी रस्तामार्गे मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याचा उल्लेख करून लेखी नोटीस दिली. या कायद्यानुसार नुकसानीची नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. तेवीस दिवसांनी ७,२०० रुपयांच्या गादीपोटी ४,००० रुपये मिळाले. हमालीचे पैसे परत मिळाले नाहीत.

ऑगस्टमध्ये मावशींचे सामान कोरेगावहून आणले, तेव्हा पुन्हा वाईसारखेच घडले. तेथील एका पिकअपवाल्याला कंपनीने नेमले आहे. तो आदल्या दिवशी घर पाहून गेला, फ्रिज रात्रीच बंद करून ठेवायला सांगून गेला, आणि दुपारी दोनपर्यंत काम आटोपले.

नवीन गावी सेवा सुरू करायची तर तेथे बोळ, जिना आणि पावसाची वेळ ओळखणारा माणूस आधी हवा, गाडी नंतर. वाई आणि कोरेगावात कंपनीने ते केले, कराडला केले नाही. वाई व कोरेगावकरांनी ही सेवा निःशंकपणे घ्यावी, असे मी मनापासून सांगेन. कराडसाठी मात्र घर पाहायला कोण येणार आणि किती माणसे येणार, हे दरपत्रकावर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. मावशींच्या माळ्यावरचे उरलेले सामान दिवाळीनंतर आणायचे आहे, आणि त्यासाठी मी त्याच पिकअपवाल्याची तारीख घेऊन ठेवली आहे.