घडलेली सुरी की घासलेली?

हाताने सुऱ्या बनवणाऱ्यांत दोन घराणी आहेत. एक पोलाद भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकून आकार देतं, दुसरं तयार पट्टीतला नको तो भाग बेल्ट ग्राइंडरवर घासून काढतं. ‘घडलेलंच पातं मजबूत’ हे मला पटत नाही. कारखान्यातली पट्टी मुळातच तापवून लाटलेली असते. उलट घडताना फार तापवलं की पोलादाचे कण मोठे होतात आणि वरच्या थरातला कार्बन जळतो. खरा निकाल लागतो पाणी देताना, म्हणजे पातं तापवून झटकन थंड करून कडक करताना. १०८४ या प्रतीसारखं कार्बन पोलाद सुमारे ८१५ अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवायचं, मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. दोन्ही घराण्यांना हे चुकत नाही.

१९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेच्या परीक्षेत घडलेलंच पातं लागतं; ते न तुटता ९० अंशांत वाकवून दाखवायचं. गंमत अशी की ही कसोटीही मुख्यतः पाणी देण्याचीच!

घडाईत माल वाया कमी जातो आणि भंगारही चालतं. आपला लोहार ट्रकच्या पाट्याचा कोयता असाच करतो. थरांची दमास्कस नक्षी हवी तर भट्टीला पर्याय नाही. स्टेनलेस मात्र घासाईवाल्यांचं राज्य. अमेरिकन सुरीकार बॉब लव्हलेस यांनी १५४सीएम हे स्टेनलेस पोलाद लोकप्रिय केलं ते याच पद्धतीने.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नवशिक्याने कानशीने घासायला सुरुवात करावी. ग्राइंडर नंतर घ्या, आणि त्याच्याआधी चांगला मास्क.