मिग-21 चा ‘फिनिशिंग सेट’ आणि इंजेक्शनची सुई

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं आणि स्केल मॉडेलच्या, म्हणजे खऱ्या विमानांच्या छोट्या प्रतिकृतींच्या, खरेदी-विक्रीत मिगला एकदम भाव आला. माळ्यावरची अर्धवट किटं खाली उतरली, सुट्या भागांच्या किमती चढल्या. त्याच गर्दीत एक जाहिरात फिरू लागली: ‘मिग-21 टाइप 77, 1/48 फिनिशिंग सेट. कॅनोपी, पितळी पिटो ट्यूब, प्री-कट मास्क. सीलबंद, इम्पोर्टेड. 3,400 रुपये, कुरिअर फ्री.’ 1/48 म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं मॉडेल, कॅनोपी म्हणजे कॉकपिटवरची काच, पिटो ट्यूब म्हणजे नाकावरची वेग मोजायची नळी, आणि मास्क म्हणजे रंग मारताना काच झाकायची कापलेली टेप. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडच्या हौशी लोकांना ती जास्त करून आली असावी, कारण विकणारा ‘आपल्याच भागातला’ म्हणून ओळख काढतो. सेट मी घेतला आणि फसलो. कसा फसवतो ते नीट सांगतो, कारण त्याची पद्धत आपल्या छंदाच्या आतली आहे. बाहेरच्या माणसाला हे सुचायचं नाही.

सांगलीला विश्रामबागेत आमच्या गल्लीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांची उमेदीची वर्षं टाइप 77 वर, ग्राउंड क्रूमध्ये गेली. टाइप 77 म्हणजे मिग-21 एफएल, नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) बनलेलं. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट सोडली ती याच विमानांनी. काका त्याला ‘आमचं सत्याहत्तर’ म्हणतात. त्यांच्यासाठी मी सेकंड हॅन्ड किट घेऊन बांधायला काढलं होतं. सांगाडा झाला, धातूचा रंग झाला, डिकल, म्हणजे चिन्हांचे स्टिकर, बसले. कॅनोपी मात्र किटमध्येच तडकलेली आली होती. पारदर्शक भागांची पिशवी वेगळी नसली की स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) एकमेकांवर घासून हे असंच होतं.

आता दुसऱ्या मिगची कॅनोपी लावून टाका म्हणाल, तर ते जमत नाही. नंतरच्या मिगांना, म्हणजे टाइप 96 आणि बिसला, समोरची काच जागेवर पक्की असते आणि मागचा भाग कडेला उघडतो. सत्याहत्तरला समोरची काच आणि वरचा घुमट मिळून एकच तुकडा, बिजागरी पुढे. वैमानिक सीटसकट बाहेर फेकला गेला तर हीच कॅनोपी वाऱ्यापासून त्याच्या तोंडावर ढाल होऊन सोबत जायची, अशी ती रचना. पिटो ट्यूबही वेगळी बसते. सत्याहत्तरला नाकाच्या वर बरोब्बर मध्यावर, शहाण्णवला उजवीकडे सरकलेली. बाजारात शहाण्णव आणि बिसची किटं उदंड, सत्याहत्तरची कमी. म्हणून सुटी कॅनोपी मिळवायला माणूस दोन पैसे जास्त मोजतो, आणि हे त्या विकणाऱ्याला चांगलं ठाऊक आहे.

फोनवर गडी एकदम गोड. ‘सर, मी स्वतः बिल्डर आहे, वीस वर्षं झाली. काकांसाठी करताय म्हटल्यावर मी पण भावनिक झालो बघा.’ फोटो पाठवले ते झकास, काळ्या कापडावर कॅनोपी, शेजारी मापासाठी ठेवलेलं नाणं. मी व्हिडिओ मागितला तर म्हणाला, ‘सीलबंद आहे सर, उघडलं तर सील जातं.’ उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. पैसे यूपीआयने आधी घेतले.

पाकीट व्यवस्थित आलं. आतली छोटी झिप पिशवी, छापील पट्टी, स्टेपल. कॅनोपी उजेडात धरली तर चकचकीत. इतकी चकचकीत की नव्या किटमधली सहसा नसते. मास्क चिकटवले, चौकटीवर आधी आतला रंग मारला, मग बाहेरचा. हा क्रम ठेवला की आतून बघताना चौकट कॉकपिटच्या रंगाची दिसते. रंग वाळल्यावर मास्क काढायला घेतला आणि टेपबरोबर काचेवरचा एक पातळ पापुद्रा निघून आला. खाली ओरखडे. सॅंडपेपरचे, एका दिशेने मारलेले.

गंमत म्हणजे त्या सेटमध्ये मास्क तेवढे अस्सल होते, चांगल्या जपानी टेपचे. अस्सल मालानेच नकली माल उघडा पाडला.

मग मी कॅनोपी अमोनियावाल्या काच पुसायच्या पाण्यात बुडवून ठेवली. उरलेला थर सुटून आला, तेव्हा तो ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिश असल्याची खात्री झाली. आपण सगळेच ही युक्ती करतो. बारीक ओरखडे असलेली कॅनोपी पॉलिशमध्ये बुडवायची, कडेचा थेंब टिश्यूने टिपायचा, झाकून वाळवायची. ओरखडे भरून निघतात आणि पाण्यासारखी स्वच्छ दिसते. या महाशयांनी तीच युक्ती विक्रीला लावली. थर गेल्यावर आतल्या बाजूला पांढरट धुकं दिसलं. मॉडेल करणाऱ्याला ते बघताक्षणी कळतं: सुपरग्लूची वाफ. कॉकपिट बंद करताना कोणीतरी फेविक्विकसारखा गोंद वापरला की त्याची वाफ आत कोंडते आणि हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन काचेवर पांढरी बसते. म्हणूनच कॅनोपी साध्या पांढऱ्या फेविकॉलने चिकटवायची, एवढं नवशिक्यालाही सांगतात. भिंगाखाली चौकटीच्या कोपऱ्यात जुना हिरवा रंगही सापडला. म्हणजे हा तुकडा कोणाच्या तरी तयार मॉडेलवरून उपटलेला. खालची कड गोंदासकट घासून सरळ केली होती, त्यामुळे मॉडेलवर ठेवल्यावर मागे मिलिमीटरभर फट राहत होती. 1/48 मध्ये मिलिमीटरभर फट म्हणजे खऱ्या विमानात जवळपास पाच सेंटिमीटर. अशी कॅनोपी घेऊन काकांच्या भाषेत ‘साइन ऑफ’, म्हणजे विमान उडायला तयार म्हणून सही, कोण करेल?

पिटो ट्यूबची चोरी काकांनीच पकडली. बघायला आले होते, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, ‘अरे, ही टोकाला निमुळती कुठंय? आमची अशी एकसारखी जाड नव्हती.’ मी ब्लेडने हलकं खरवडलं. सोनेरी रंगाखालून पांढरं स्टील निघालं. इंजेक्शनची सुई! पितळेची घडवलेली नळी असती तर कितीही खरवडा, पिवळीच राहिली असती, आणि जाडीला पायऱ्या असत्या. सुईची पिटो मीही केली आहे, नाही म्हणत नाही, पण ती पाच-दहा रुपयांची गोष्ट. हिच्यावर रंग मारून ‘टर्न्ड ब्रास’ म्हणून छापील पट्टी लावली होती.

फोन केला तर सूर बदललेला. आधी म्हणाला, उन्हात ठेवली असेल. मग म्हणाला, ‘तुम्ही चुकीचं ऑर्डर केलंत सर, ही शहाण्णवची आहे, सत्याहत्तरला बसणारच नाही.’ समोरच्या काचेसकट एकसंध तुकडा हातात असताना हा माणूस तो शहाण्णवचा म्हणतो! वीस वर्षांचा बिल्डर म्हणे. मी बिजागरीचं विचारल्यावर फोन कट. थोड्या वेळाने मेसेज आला: ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ इथे सगळ्यात जास्त सांभाळा. पैसे यायचे असतील तर स्कॅन लागत नाही आणि पिन तर अजिबात लागत नाही. अशा वेळी पिन टाकला की पैसे जातात. मी स्कॅन केलं नाही, स्क्रीनशॉट काढला. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिल्यावर मिरजेचा एक मित्र आणि इचलकरंजीचे दोघे पुढे आले. तिघांकडे तेच फोटो. मिरजकर म्हणाला, ‘भावा, ते नाणं बघ की, ते रुपयाचं न्हाई.’ खरंच नव्हतं, परदेशी होतं. फोटो इंटरनेटवर उलटा शोधला तर बाहेरच्या देशातल्या एका मॉडेलरच्या कामाचा निघाला. ग्रुपच्या ॲडमिनचं म्हणणं पडलं की हौसेच्या व्यवहारात असं चालायचंच. मला हे पटत नाही. तुटका माल ‘तुटका आहे’ सांगून विकला तर ती हौस. पॉलिश चढवून, खोटी पट्टी लावून विकला तर ती लबाडीच.

पैसे गेल्यावर पहिला फोन 1930 ला करायचा, सायबर फसवणुकीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता. यूपीआयचा 12 आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. वस्तू आली पण नकली निघाली, असं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. 2019 च्या कायद्याने ती तुम्ही राहता तिथे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. रक्कम छोटी म्हणून लोक सोडून देतात आणि त्याचा धंदा त्यावरच चालतो. माझी तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

सुटी कॅनोपी घ्यायचीच असेल तर ती स्प्रूला जोडलेली असतानाचा फोटो मागा. न कापलेला स्प्रू हाच नवेपणाचा दाखला, सील कोणीही स्टेपलरने करतो. ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवलेला व्हिडिओ मागा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ राहिलं पाहिजे, थर चढवलेल्या काचेवर ते कडेला जाड होतं, कारण पॉलिश तिथे साचतं. आतून एक फोटो मागा, धुकं आतच असतं. शेजारी आजचा पेपर ठेवायला सांगा. खरा विकणारा वैतागेल पण पाठवेल. आणि हातात आल्यावर मास्क लावण्याआधी साध्या टेपचा एक तुकडा कोपऱ्यात चिकटवून ओढून बघा.

काकांच्या विमानाला शेवटी पुण्याच्या एका ओळखीच्यांनी त्यांच्या जादा किटमधली कॅनोपी दिली, स्प्रूसकट, पैसे न घेता. पिटो मी सुईचीच केली, पण टोकाला पॉलिश पेपरने निमुळती करून.

तो माणूस मात्र थांबलेला नाही. नवीन नाव, नवीन नंबर, आता ‘जॅग्वार फिनिशिंग सेट’. फोटो तेच काळं कापड. नाणं त्याने कापून टाकलं आहे, पण डाव्या कोपऱ्यात त्याची कड अजून दिसते. ती दिसली की पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि आमच्या तिघा-चौघांच्या तक्रारीला तुमची जोडा.