प्री-वेडिंगची ऑर्डर, पाच हजार ॲडव्हान्स आणि गायब झालेली बॅग

बाहेरगावाहून मुंबईत शूटच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे वाचाच.

मी कोल्हापूरचा फोटोग्राफर. इन्स्टाग्रामवर चौकशी आली, फोनवर बोलणं झालं आणि काहीही घासाघीस न करता पाच हजार ॲडव्हान्स जमा. खरी मेख इथेच. लुटणारा पैसे मागणार अशी आपली समजूत; हा तर आधीच देऊन मोकळा. बोलणंही पक्कं धंद्यातलं: "दोन बॉडी हव्यात, ७०-२०० आणाच." म्हणजे लेन्सशिवायचे दोन कॅमेरे आणि लांबचं टिपणारी ७०-२०० मिमीची लेन्स. कुठला माल हवा ते आधीच सांगून ठेवलं होतं पठ्ठ्यानं!

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो. 'कोऑर्डिनेटर' हजर. चहा-वडापाव त्याच्याच खर्चाने. गाडी टुरिस्टची म्हणाला, पण नंबरप्लेट पांढरी. टुरिस्ट गाडीची प्लेट पिवळी असते, एवढं लक्षात ठेवा. वांद्र्याला बँडस्टँडवर पोचलो तर जोडी अजून 'मेकअपला'. मग म्हणतो, "दादा, मोठा कॅमेरा दिसला की इथले गार्ड परमिशन विचारतात. कॅमेऱ्याचं सामान गाडीतच राहू दे, ड्रायव्हर बसलाय. आधी लोकेशन बघून येऊ." परमिशनचं नाव काढलं की आपल्यातला भलाभला नरम पडतो. किल्ल्यापाशी त्याला फोन आला, "पार्टी आली, घेऊन येतो" म्हणत तो खाली उतरला. थोड्या वेळाने मी मागोमाग गेलो तर ना तो, ना गाडी. फोन बंद.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: सिरियल नंबर? बिलं कोल्हापुरात, कपाटात. शेवटी ड्राइव्हवरच्या जुन्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले मूळ फोटो, उघडल्या. बहुतेक कॅमेरे फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलमध्येच दडलेल्या माहितीत) बॉडीचा सिरियल नंबर लिहितात, तो तिथे सापडला. लेन्सचे नंबर घरून मागवले. कुणी हद्दीचं कारण सांगून परत पाठवायला लागलं तर झिरो एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे. गाडीचा नंबर निघाला कुठल्यातरी स्कूटरचा.

विम्याची गंमत वेगळीच. माझ्या पॉलिसीत चोरी धरलेली, पण कुणाच्या ताब्यात दिलेली वस्तू त्यानेच लांबवली तर भरपाई नाही. हे बारीक अक्षरात मागच्या पानावर. तुमची पॉलिसी आजच काढून बघा.

ऑर्डर घेताना मुलीच्या किंवा मुलाच्या घरच्यांशी थेट व्हिडिओ कॉल करा, लग्नाचा हॉल विचारा आणि हॉलवाल्याला फोन लावून बुकिंग आहे का ते बघा. सामानापाशी थांबायला असिस्टंट न्या; त्याचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांनी एका लेन्सची किंमत आठवावी. बॅग डिकीत नाही, मांडीवर.

परवा सांगलीच्या मित्राला असाच फोन आला. ॲडव्हान्स लगेच पाठवतो म्हणाले. त्यानं नवरीच्या वडिलांचा नंबर मागितला, तर लगेच ब्लॉक. या वेळी त्यांना ड्रोनही हवा होता.