रिॲक्ट हुक फॉर्म ७: लांबलचक फॉर्मला उत्तम, रिकाम्या आकड्यापाशी जपून

वीस-पंचवीस रकान्यांचा फॉर्म एकाच कंपोनंटमध्ये यूजस्टेटवर (रिॲक्टच्या स्वतःच्या स्टेटवर) चालवला, की अक्षर टाइप होताच सगळा फॉर्म पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्याने काढला जातो. रिॲक्ट हुक फॉर्म ही रिॲक्टमधले फॉर्म सांभाळणारी लायब्ररी ते टाळते. रजिस्टर फंक्शन इनपुटचा रेफ (थेट संदर्भ) धरतं, व्हॅल्यू डॉममध्येच, म्हणजे पानावरच्या इनपुटमध्येच राहते आणि टायपिंग हलकं वाटतं. एरर पहिल्यांदा सबमिटला दिसतात, त्यानंतर प्रत्येक बदलाला तपासणी होते. हा डीफॉल्ट मोड शक्यतो बदलू नका. अर्धाच मोबाईल नंबर लिहिलेल्या माणसाला लाल अक्षरं कशाला दाखवायची?

डेटा एपीआयवरून (सर्व्हरकडून) उशिरा येणार असेल तर साध्या ऑब्जेक्टने दिलेल्या डीफॉल्ट व्हॅल्यूज पुरत नाहीत, कारण त्या सुरुवातीलाच वाचून ठेवल्या जातात. डेटा आला की तो रीसेट फंक्शनला द्या. यूजफील्डॲरेच्या (वाढवता-काढता येणाऱ्या) ओळींना ‘की’ (ओळीची ओळख) म्हणून इंडेक्स दिला, तर मधली ओळ काढल्यावर शेजारच्या ओळीची व्हॅल्यू तिथे दिसू शकते. फील्डची आयडीच द्या.

खरी गोची होते ती आकड्यांच्या रकान्यात. रजिस्टरला व्हॅल्यू ॲज नंबर हा पर्याय लावला आणि रकाना रिकामा राहिला, तर एनएएन (‘हा आकडा नाही’) मिळतं आणि झॉड, म्हणजे डेटा तपासणारी लायब्ररी, एक अगम्य इंग्रजी संदेश देतो. म्हणून झॉडचं कोअर्स (आपोआप आकड्यात बदलणं) वापरावं, तर ते आणखी वाईट: रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य होतं आणि न भरलेलं क्षेत्रफळ मुकाट शून्य म्हणून सेव्ह होतं. इथे झॉडचं प्रीप्रोसेस, म्हणजे तपासणीआधीची साफसफाईच हवी. आधी ट्रिम करा, रिकामी स्ट्रिंग असेल तर अनडिफाइन्ड (‘काहीच दिलं नाही’) करा, मगच नंबरमध्ये बदला.

मराठी फॉर्मसाठी त्यात एक पायरी वाढवा. जावास्क्रिप्टला ‘४११०३०’ हा आकडा वाटत नाही आणि रेजेक्समधला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातला) बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी कीबोर्डवरून बिनचूक पिनकोड लिहूनही फॉर्म अडतो, हे ग्राहकावर अन्यायाचं आहे. प्रत्येक देवनागरी अंकाच्या कॅरेक्टर कोडमधून २४०६ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. इनपुटचा टाइप टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड न्यूमेरिक.

झॉडचा रिझॉल्व्हर (झॉडची तपासणी फॉर्मला जोडणारा दुवा) जोडल्यावर रजिस्टरमध्ये लिहिलेले रिक्वायर्ड, पॅटर्न वगैरे नियम चालत नाहीत. सगळे स्कीमात, म्हणजे झॉडच्या नियमांच्या आराखड्यात हलवा. तीच स्कीमा सर्व्हरवरही चालवा, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणीही ओलांडू शकतो. ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’ असं सर्व्हरने कळवलं, तर सेटएररने तो संदेश ईमेलच्या रकान्याखालीच दाखवा.

दोन रकान्यांच्या लॉगिनला ही लायब्ररी घालू नका. तिथे साधा एचटीएमएल फॉर्म पुरतो.